माझं जळतंय गं!

प्रिय ठमाबाई,

माझ्याशी अबोला धरून बसली आहेस, तरी पाकीट फाडलंस, हेच खूप झालं. आता शेवटपर्यंत वाच.

अगं, गेल्या महिन्यात मी स्वतःला आतून पाहिलं! डॉक्टरीणबाईंनी घसा बधिर करून कॅमेऱ्याची नळी खाली सोडली आणि समोरच्या पडद्यावर साक्षात मी. गुलाबी, ओली, चकचकीत. जन्मभर लोकांच्या कपड्यांना अस्तरं लावली, पण असलं अस्तर बापजन्मात पाहिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, पोटातलं आम्ल भलतं जहाल, पण पोट ते निमूट सोसतं. वरच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं. घास आला की उघडायचं, गेला की मिटायचं. जन्मभर, कुणी न सांगता! माझं कडं जुन्या इलॅस्टिकसारखं सैल पडलंय, म्हणून आम्ल वर येऊन अन्ननलिका पोळते. लालभडक चट्टे दिसले. तशातही बिचारी घास खाली नेतच होती. मला तर हात जोडावेसे वाटले गं.

दुखणं मुरलेलं आहे, सांभाळूनच राहायचं. सकाळी उपाशीपोटी गोळी, जेवण थोडं थोडं आणि संध्याकाळी लवकर, जेवल्याजेवल्या वाकायचं नाही की आडवं व्हायचं नाही. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात. तुझे भावोजी झोपेत पायथ्याला घसरतात आणि माझ्या नावानं खडे फोडतात.

आता तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाचा दिवस आठव. काचेतल्या पुतळीच्या झग्याची शिवण उसवली, म्हणून मी भरल्या पोटी वाकून टाके घातले. उठले ती छाती धरून, आणि चारचौघांत बोलून गेले, "माझं जळतंय गं!" लोक फिदीफिदी हसले. तुझा चेहरा उतरला. खरं सांगू? लोक म्हणतात तेच खरं असेल, मी तुझ्यावरच जळत असेन, असं मलाही वाटायला लागलं होतं. धाकटीचं बरं बघवत नाही, कसली मेली मी थोरली, म्हणून रडलेसुद्धा.

परवा मुद्दाम तुझ्या दुकानावरून गेले. पाटी दोनदा वाचली. काही म्हणता काही जळलं नाही! नुसता ऊर भरून आला. पण काचेतून तू दिसलीस. गिऱ्हाइकाचं माप घेता घेता थांबलीस, खाकरलीस, छातीवर हात ठेवून घटाघटा पाणी प्यायलीस. थेट माझ्यासारखी. ठमे, तपासून घे. मी येते सोबत. आणि तुझंही जळत असेल ना, तर बिनधास्त सांग. मी भलता अर्थ काढणार नाही.

सैल इलॅस्टिकची, तरी तुझीच,
ताई