खंडेनवमीचे सत्तावीस तास

बुसैतीन, बहरीन
८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
इरावतीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुम्ही सांगलीला सुखरूप पोचल्याचं सावनीवहिनीने कळवलं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून आपला जुना पत्रव्यवहार पुन्हा सुरू. तुमची माकडटोपी इथेच राहिली आहे. या भट्टीत ती कशाला आणली होतीत, हे कोडं तुमच्या जावयाला अजून सुटलेलं नाही. अनुष्का ती घालून आजोबांची नक्कल करते, तीही इंग्रजीतून.

आता वाईट बातमी. माझा गांबा तडकला. तुम्ही ज्याला थोरली सारंगी म्हणायचात, तोच. ऑडिटमुळे महिनाभर त्याची पेटी उघडली नव्हती. मंगळवारी तालमीला उघडली, तर पोटाच्या फळीला वरपासून खालपर्यंत चीर आणि मान पुढे झुकलेली. आमचा सहा जणांचा वृंद तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं संगीत तेव्हाच्याच वाद्यांवर वाजवतो. सरसाने जोडलेलं ते लाकूड दमट हवेत फुगतं, म्हणून एसी कधीही बंद करायचा नाही, हा आमचा एकच कडक नियम. खोलीतल्या हवामापकात नोंद सापडली. ११ ऑक्टोबरच्या दुपारी एकपासून दुसऱ्या दिवशी चारपर्यंत एसी बंद होता. खंडेनवमीला आम्ही सौदीतल्या खोबरला गेलो होतो आणि व्हिजिट व्हिसामुळे तुम्हाला पुलापलीकडे नेता आलं नव्हतं, तेच दोन दिवस.

गांबा आमचा वृंद चालवणाऱ्या डच बाईंच्या दिवंगत यजमानांचा. बाईंनी तो विश्वासाने माझ्याकडे दिला होता. मआमीरच्या रहिमतुल्ला सुताराला दाखवला. लाकूड जोडून देईन, आवाजाचं मात्र सांगत नाही, म्हणाला.

कुणी बाहेरगावी गेलं की दुसऱ्याने येऊन एसी पाहायचा. त्या दिवशी पाळी तौकीरची होती. तोच तो रत्नागिरीचा, शिपिंगच्या ऑफिसातला क्लार्क, आमच्यात ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवतो आणि तुम्हाला काका म्हणतो. तो शुक्रवारी सकाळी आणि शनिवारी दुपारी आलो होतो म्हणतो, पण पुढचं विचारलं की काकांना विचारा, एवढंच. बाईंना ही टाळाटाळ वाटते. त्याला हॉलंडच्या संगीतशाळेत जायचं आहे. बाईंचं शिफारसपत्र ३० नोव्हेंबरच्या आत गेलं पाहिजे, पुढच्या वर्षी तो वयात बसत नाही. जो वाद्य सांभाळत नाही त्याच्यासाठी सही करणार नाही, असं बाई म्हणाल्या आहेत.

तो शनिवारी आला होता का? एसी कसा बंद पडला? पत्राने उशीर होईल, सावनीवहिनीला फोन करायला सांगा.

बीपीची गोळी चुकवू नका. आशीर्वाद असू द्यावा.
तुमची इरावती


सांगली
२० नोव्हेंबर २०२४

चि. इरावतीस,
विलासचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाद्याचं वाचून जेवण गेलं नाही. फोनवर घाईत बोललं की भलतंच तोंडून जातं, म्हणून लिहितो आहे.

त्या दोन दिवसांचं मला नीटसं आठवत नाही. पूजा, आरती, दुपारची झोप. कानांची अवस्था तुला ठाऊक आहेच. कोण आलं, कोण गेलं, सांगता यायचं नाही. यंत्रंच ती, बिघडतात. तौकीर गुणी मुलगा आहे, त्याला बोल लावू नये असं मला वाटतं. बाईंना समजावून सांग, काळ हेच औषध.

टोपी अनुष्कालाच राहू दे. माझी तब्येत ठीक. सावनी मीठ अगदीच कमी घालते.

जावईबापूंना आशीर्वाद. आमच्यावर माया आहे तशीच राहू दे.
बाबा


बुसैतीन
१० डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पाच तारखेला मिळालं. तोवर सगळं खलास झालं होतं. बाईंनी सही केली नाही आणि तौकीरला तालमीला येऊ नको म्हणून सांगितलं. मीही सगळ्यांसमोर त्याला बोलले. माझ्या घराची किल्ली तुझ्या हातात दिली होती, आणि तू हे केलंस, असं म्हणाले. त्याने किल्ली टेबलावर ठेवली, आणि तो निघून गेला.

बाबा, तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. तुमच्या ओळखीच्या अण्णा कुलकर्ण्यांनी पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या हार्मोनियमला कोणते सूर लावले ते तुम्हाला आठवतं, आणि दोन महिन्यांपूर्वीची खंडेनवमी आठवत नाही? मला झोप लागत नाही. जे असेल ते लिहा.

इरावती


सांगली
२४ डिसेंबर २०२४

चि. इरावतीस,
आशीर्वाद देण्याचा अधिकार राहिला असेल तर आशीर्वाद.

एसी मी बंद केला.

तू सांगितल्याप्रमाणे गांब्याच्या लाकडाला हळदकुंकू लावलं नाही, फक्त फूल वाहिलं. पण तुझी आई खंडेनवमीला दोन दिवस दिवा अखंड ठेवायची. ती गेल्यापासून तो नेम मी चालवतो. एसीचा झोत थेट दिव्यावर येत होता. दोनदा विझला. तिसऱ्यांदा लावायच्या आधी मी एसीचं बटण दाबलं. थोडा वेळ म्हणून दाबलं, मग दिवा छान तेवत राहिला आणि मी विसरलो. हेही खरं नाही. विसरलो नव्हतो, एका दिवसाने काय होतंय असं वाटलं.

शनिवारी चार वाजता तौकीर आला. खोलीत पाऊल टाकताच त्याचा चेहरा उतरला. त्याने घाईने एसी लावला. तासाभराने आम्ही दोघं वाद्यापाशी बसलो असताना फुगलेली फळी गार हवेत आक्रसून फुटली. मला ऐकू आलं नाही, पण हात लाकडावर होता, हाताला कळलं. त्याने चिरेवरून बोट फिरवलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, हे तुम्हीच ताईंना सांगा." आज रात्रीच सांगतो, असं मी त्याला म्हटलं.

तुम्ही रात्री हसत आलात. तू मला दसऱ्याला नवा सदरा आणला होतास. बाबा, हे घर तुमचंच आहे, असं त्या दिवशी तू तीनदा म्हणालीस. माझ्याने सांगवलं नाही. मी गांबा पेटीत घालून ठेवला. नंतर तुझं पत्र आलं. सावनी फोन हातात घेऊन विचारत होती, काय सांगू. पत्र लिहितो म्हटलं, कारण पत्र पोचायला वेळ लागतो. मी भित्रा माणूस आहे, बाळ, हे या वयात कळलं.

तौकीरला वेगळं पत्र लिहिलं आहे, सोबत जोडलं आहे. बाईंना हे वाचून दाखव.

बाबा


मनामा, बहरीन
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय विलासकाका यांस,
तौकीरचा सलाम.

इरावतीताई तुमची दोन्ही पत्रं घेऊन ऑफिसात आल्या. खूप रडल्या. आम्ही बाईंकडे गेलो, ताईंनी तुमचं पत्र त्यांना इंग्रजीत सांगितलं. बाईंनी त्याच दिवशी शिफारस लिहून पाठवली. शाळेचं उत्तर आठवड्यात आलं. यादी एक डिसेंबरला बंद झाली. त्यांचंही काही चुकलेलं नाही.

बाईंनी वृंदात परत बोलावलं आहे. मी जाणार नाही. ल्यूट त्यांचंच होतं, ते देऊन आलो. गांब्याची चीर रहिमतुल्लांनी बुजवली, ताई तो वाजवतात, पण आवाज बसका येतो.

मी तेव्हाच का सांगितलं नाही, असं तुम्ही विचारलं आहे. तुम्ही देवासमोर दिवा जपत होतात. त्यावर आळ यायचा, तो माझ्या तोंडून येऊ नये, असं वाटलं. आणि तुम्ही रात्री सांगणार होतात. बाईंनी मला तीनदा विचारलं. रोज ऑफिसातून आल्यावर वाटायचं, आज ताईंचा फोन येईल. तीस तारखेला रात्री बारापर्यंत वाटत होतं.

माफी मागितलीत. तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे, नाही म्हणायला जीभ रेटत नाही. पण माफ केलं आहे असं खोटंही लिहिणार नाही.

काका, यापुढे मला पत्र पाठवू नका. आलं तर मला ते वाचावं लागेल, आणि वडीलधाऱ्यांच्या पत्राला उत्तर दिल्याशिवाय मला राहवणार नाही.

तब्येतीला जपा.
तौकीर