गिरणी चालू असताना काटा शून्यावर राहिल्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अभियंतासाहेब,
वीज विभागीय कार्यालय, जि. अहमदनगर.

अर्जदार : गोजरबाई कारभारी लवांडे, वय ६७, मु. नाथाचीवाडी, पो. तिसगाव, ता. पाथर्डी.

विषय : पिठाच्या गिरणीचा वीजप्रवाह पुन्हा, एकेका तारेवर, मोजण्याबाबत.
संदर्भ : दि. १५/२/१९७३ ची तपासणी.

महोदय,

१. अर्जदाराचा मुलगा गहिनीनाथ आपल्या खात्यात वायरमन आहे. जालिंदर गिरणीवाल्याने मंजुरीपेक्षा मोठी मोटर बसवल्यापासून डीपीवरचा फ्यूज दिवसाआड उडतो व पिण्याच्या पाण्याचा पंप बंद पडतो, असा लेखी अहवाल त्याने दिला. शाखा अभियंता श्री. उपळेकर तपासायला आले. गिरणी चालू होती, पीठ पडत होते. साहेबांनी प्रवाह मोजायचा चिमटा, ज्याला टाँग टेस्टर म्हणतात, तो उघडला, मोटरीच्या तिन्ही तारा एकदमच त्यात घेतल्या आणि मिटला. काटा हलला नाही. साहेबांनी वहीत 'प्रवाह शून्य' लिहिले. आठव्या दिवशी, खोटा अहवाल दिला म्हणून, गहिनीनाथच्या निलंबनाचा कागद आला.

२. अर्जदाराचे यजमान कै. कारभारी साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये सव्वीस वर्षे होते. तिथे असा चिमटा प्रथम आला, त्या दिवशी त्यांनी अर्जदाराच्या हातातली बांगडी काढून तीत सुतळी ओवून दाखवली होती. "ही बांगडी एकाच तारंला भरायची. तार कापायची न्हाई, उघड्या तांब्याला शिवायचं न्हाई. तिन्ही एकदम घेतल्या तर एकीचं दुसरीत फिटतं, काटा झोपून ऱ्हातो." चुलीवरची डाळ करपली, पण बोलणे ध्यानात राहिले.

३. हेच अर्जदाराने तपासणीच्या वेळी सांगितले. साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही भाकरी थापा." जालिंदर म्हणाला, "आज्ये, आता सायबाला बी शिकिवती व्हय?" अकरा माणसे हसली. कोण कुठे उभा राहून हसला ते अर्जदारास पाठ आहे. साहेबांनी नंतर गिरणीत चहा घेतला, त्याबद्दल तक्रार नाही.

४. तरी विनंती की, बाजारच्या दिवशी, त्याच गिरणीत, त्याच अकरा जणांसमोर फेरतपासणी व्हावी. चिमटा श्री. उपळेकर यांनीच धरावा, एका वेळी एकच तार घ्यावी आणि आकडा मोठ्याने वाचावा. त्यांनी रबरी हातमोजे घालावेत, कोरड्या फळीवर उभे राहावे, तारेचे वेष्टण फाटले असेल तिथे चिमटा लावू नये. साहेब सुखरूप राहणे अर्जदारास फार आवश्यक आहे. आकडा त्यांच्याच तोंडून ऐकायचा आहे.

५. तो आकडा त्यांनी त्याच वहीत, शून्याच्या खाली, स्वहस्ते लिहावा. शून्य खोडू नये. तोपर्यंत त्यांची बदली करू नये. गहिनीनाथला कामावर घ्यावेच, पण त्याचा हुकूमही श्री. उपळेकर यांनीच घरी आणून द्यावा. अर्जदार त्या वेळी भाकरीच थापत असेल.

उत्तराची वाट पाहणारी, घाई नसलेली,
आपली नम्र अर्जदार,
(सही) गोजरबाई कारभारी लवांडे
दि. ३ मार्च १९७३

सोबत :
१) निलंबनाच्या कागदाची नक्कल.
२) हसलेल्या अकरा इसमांची यादी, उभे राहिल्याच्या क्रमाने.
३) तपासणी चालू असताना अर्जदाराने दळून घेतलेले, रेशनवर मिळालेल्या मिलो ज्वारीचे पीठ, पाव किलो. साहेबांनी स्वतः वजन करून पाहावे. तेही शून्य भरल्यास अर्ज निकाली काढावा.