वैशूताई, तुझ्या पाठीचं खरं

प्रिय वैशूताई,

काल ड्युटीवर एक बाई आली. पाठ धरून बाकावर बसली अन् म्हणाली, "सिस्टर, उद्या कापूस वेचाले जा लागते. एक इंजेक्शन देऊन द्या फक्त." डॉक्टरांनी लिहून दिलं होतं, मी सिरिंज भरलीही होती, पण हात पुढे जाईना. शेवटी दुसऱ्या सिस्टरनं दिलं. तू जाऊन वर्ष होत आलं. तुला लिहायचं मी टाळत होते, आता टाळवत नाही.

लोकांना तू आठवतेस ती केसांतल्या जांभळ्या बटेसाठी. फक्त बॉलिंगच्या हाताला लाल नेलपॉलिश, आणि विकेट गेली की समोरच्या बॅटरला, "चाल, निंघ इथून." कॉमेंट्रीवाल्यांना वाटायचं, तू काहीतरी मंत्र म्हणतेस. मग कुणीतरी पंचांना अर्थ सांगितला आणि तुला एक सामना बाहेर बसवलं. "देशासाठी खेळते अन् तोंड गल्लीतलं," आई चिडली होती. पण सेलूच्या शेजारणींना तो किस्सा तिनं किती वेळा सांगितला, तुला ठाऊक आहे का?

शाळेच्या मैदानावर तुझ्यासमोर उभं राहायला मुलंही तयार नसत. मग मला उभं करायचीस. मी स्टंप सोडून पळायचे. "पळू नोको, सुने. बॉलकडे पाह्य," म्हणायचीस. मला कधी जमलं नाही.

शेवटच्या दौऱ्याआधी पिपरी मेघेला माझ्या घरी आलीस तेव्हा जिन्यात तीनदा थांबलीस. मी पाहिलं होतं. चहा न घेताच म्हणालीस, "सुने, सहा महिन्यापासून पाठ लय दुखून राह्यली, रातभर झोप नाई. इंजेक्शन दे नं एक."

"टीमच्या डॉक्टरले सांगत काऊन नाई?"

"सांगतलं का घरी बसवतील. परदेशातला हा माहा शेवटचा दौरा हाये. फास्ट बॉलरची पाठ हाये, दुखनच."

मी दिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिलं. दौऱ्यावर निघालीस तेव्हा गोळ्या बांधून दिल्या, टीमच्या डॉक्टरांना कळू नये म्हणून पाकिटं काढून. मी नर्स आहे गं. रात्री झोपू न देणारी कळ साधी नसते, हे मला शिकवलेलं होतं. तरी एक एक्स-रे काढू, एवढंही मी का म्हटलं नाही? तू रागावशील म्हणून? की टीव्हीवर तू दिसलीस की वॉर्डातल्या सगळ्यांना "ही माझी बहीण" म्हणता यायचं म्हणून?

शेवटच्या सामन्यात तू पाच विकेट घेतल्यास. पाचवीनंतर काही बोलली नाहीस, नुसती गुडघ्यांवर हात टेकून वाकलीस. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. मला कळलं होतं.

परतल्यावर तपासणी झाली. मणक्यात गाठ होती, पसरलेली. डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवसांपासून दुखतंय?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "दोन महिने." खरं तर आठ महिने झाले होते; दोन महिने तर नुसता दौराच चालला होता. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मान हलवलीस, हो, दोन महिने.

त्याबद्दल मला थोडा रागही आहे तुझा. मैदानात कुणाला सोडलं नाहीस, मग मलाच का सोडलंस? शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

आई तुझ्या उशाशी बसून म्हणायची, "त्या टीमच्या डॉक्टरनं माही पोरगी खाल्ली." तू डोळे मिटून घ्यायचीस, मी सलाईन तपासायचे. ती अजून तेच म्हणते. मागच्या महिन्यात ते डॉक्टर भेटायला आले, तर आईनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. पायऱ्यांवर ते बराच वेळ चप्पल शोधत राहिले. मी आत भांडी घासत होते.

ताई, रविवारी मी सेलूला जाते आहे. आईला समोर बसवून सगळं सांगणार आहे: इंजेक्शनं, गोळ्या, दोन महिने. मग त्या डॉक्टरांच्या घरी जाऊन त्यांनाही सांगेन. आई कदाचित पुन्हा माझ्या हातचं पाणी घेणार नाही. तरी सांगेन, शब्द देते.

तुझी,
सुनी