लाल धाग्याचे अडॅप्टर

मी, जमुनाबाई बकाराम कापगते, वय वर्षे ६७, धंदा अडॅप्टरचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे, राहणार बस स्थानकामागे, अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, कोणी न सांगता, कोणाला न घाबरता आणि सकाळचा चहा पिऊन हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डोळेही ठिकाणावर आहेत. गोंदियाच्या डॉक्टरांनी डोळ्यांचे तसे लिहून दिलेला कागद सोबत टाचला आहे. तो कशासाठी लागला, ते कलम पाचमध्ये येईल.

कलम एक. बस स्थानकामागचे घर आणि त्याला लागून असलेली दुकानाची खोली मुलगा वीरेंद्र याला द्यावी. अट काही नाही. अट घातली की माणूस अटीपुरताच वागतो.

कलम दोन. केशोरीचे, माझ्या माहेरकडून आलेले दीड एकर धानाचे शेत मुलगी प्रेरणा हिला. तिचा भाऊ म्हणेल, तिला लग्नात दिले होते. लग्नात तिला भांडी दिली होती आणि भांड्यांत धान पिकत नाही. पोस्टात जे असेल ते माझ्या तेरवीला वापरावे. जेवण साधे ठेवावे, माझ्या फोटोला प्लास्टिकचा हार घालू नये.

कलम तीन. हाताने फिरवायचे, वेढे मोजणारी चकती असलेले, तांब्याची तार गुंडाळण्याचे यंत्र सून रीता हिला द्यावे. दुकानाला नाही, वीरेंद्रला नाही, रीताला.

या यंत्राची हकिकत अशी. माझे यजमान बकाराम रेडिओ दुरुस्त करायचे. १९९५ च्या सुमारास घरोघर कॅसेटचे टीव्ही गेम आले आणि इथल्या विजेपुढे त्यांचे अडॅप्टर पटापट जळू लागले. नवीन आणायला नागपूर गाठावे लागे. एक दिवस वैतागून ते मला म्हणाले, "तू सुटर विणतेस ना, मंग हे तारेचं बी करून पाय." मी करून पाहिले. पहिल्याला तीन दिवस लागले आणि तो जळाला. दुसरा चालला. पुढे तालुक्यात म्हणू लागले की बकारामभाऊचा अडॅप्टर जळत नाही. बकारामभाऊ तेव्हा दुकानात गप्पा मारत असत आणि मी आतल्या खोलीत वेढे मोजत असे. याचा राग मी त्यांच्या हयातीत दोनदा बोलून दाखवला. आता तिसऱ्यांदा लिहून ठेवते आणि विषय संपवते.

रीता लग्न होऊन आली त्याच वर्षी माझ्या शेजारी बसून मोजायला शिकली. मोजताना कोणी हाक मारली तर ती ओ देत नाही. एवढी लायकी मला पुरेशी आहे.

कलम चार. निळ्या पुठ्ठ्याची वही. हीसुद्धा रीताला, पण कुलपात ठेवायची नाही. विचारायला येईल त्याला दाखवायची. हिच्यात त्रेसष्ट जुन्या गेमची नोंद आहे. वीरेंद्र मोबाईलवरून विक्री करू लागला तेव्हापासून कुठल्या कुठल्या शहरांतून चाळिशी उलटलेले लोक लिहितात: लहानपणचा गेम माळ्यावर सापडला, अडॅप्टर हरवला, गेमच्या तळाचा कागद पुसला, कोणता चालेल? बाजारात सगळ्यांना चालतो म्हणून एक अडॅप्टर विकतात. तो लावून रडत आलेले लोकही पुष्कळ आहेत.

वहीच्या पहिल्या पानावरचे नियम इथे पुन्हा देते, कारण वही हरवू शकते, मृत्युपत्र कोणी हरवत नाही. व्होल्ट गेम मागतो तेवढेच द्यावेत. अँपिअर जास्त चालतो, कमी चालत नाही. पिनेच्या आत प्लस आहे की मायनस, हे मीटर लावून पाहावे. जुन्या गेमला बरेचदा आत मायनस लागतो आणि हल्लीचे अडॅप्टर बहुतेक आत प्लसचे. आणि सगळ्याच्या आधी पाहावे की गेमला डीसी हवा की एसी. काही परदेशी गेम एसी घेतात. त्यांचा अडॅप्टर दिसायला तसाच, पिनही तीच, आणि डीसीच्या गेमला तो लागला की गेम गेला.

कलम पाच. म्हणून एसीच्या प्रत्येक अडॅप्टरच्या वायरीला मी लाल धागा बांधत असे आणि सुटू नये म्हणून गाठीवर वार्निशचा थेंब सोडत असे. वीरेंद्रला हे मी वेगळे सांगितले नाही. लहानपणापासून पाहतो आहे, त्याला ठाऊक असणारच, असे धरून चालले. ही चूक माझी आणि ती मी माझ्या नावावर लिहून घेते.

आमच्याकडे दसऱ्याला यंत्र, मीटर, कैची, सगळ्यांची पूजा होते आणि सगळ्यांना लाल धागा बांधतात. २०२२ च्या दसऱ्यानंतर वीरेंद्रने विक्रीसाठी फोटो काढायला घेतले, तेव्हा अडॅप्टरवरचे धागेही पूजेचेच समजून त्याने कापून टाकले. मग एसी आणि डीसी एकाच खोक्यात गेले. चौघा गिऱ्हाइकांच्या डीसीच्या गेमला एसी लागला. चारही गेम जळाले.

वीरेंद्रने चौघांना कळवले की आई म्हातारी झाली, तिला दिसत नाही, वेढे चुकले. मलाही तेच सांगितले. मी विश्वास ठेवला, कारण सांगणारा माझा मुलगा होता. गोंदियाला जाऊन डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, डोळे चांगले आहेत. तेव्हा मला वाटले, म्हणजे डोकेच गेले. यंत्रावर जुने लुगडे टाकले आणि काम सोडले. अडीच वर्षे मी रोज सकाळी उठून पुटपुटत एक ते शंभर मोजत असे, मधला आकडा सुटतो का ते पाहायला. एकदाही सुटला नाही, तरी मला माझी खात्री वाटेना.

या वर्षी एप्रिलमध्ये त्या चौघांपैकी एक, नागझिऱ्याला गाईड असलेला इंद्रकुमार, जळका गेम आणि अडॅप्टर घेऊन घरी आला. म्हणाला, "काकू, तुमच्या हातचा आहे म्हणून फेकला नाही." मी मीटर लावला. अडॅप्टर मी गुंडाळला होता तसाच होता, नऊ व्होल्ट एसी, वेढा न वेढा बरोबर. वायरीवर वार्निशचा थेंब होता आणि त्या थेंबात लाल धाग्याचे कापलेले टोक अडकले होते.

वीरेंद्रला इंद्रकुमारसमोरच बोलावले.

"हा धागा कोनं कापला?"

"मीच कापला. दसऱ्याचा वाटला. फोटोत गावठी दिसून राहिला होता."

"गेम जळले तवा तुले समजलं नाही?"

"दुसऱ्याच दिवशी समजलं."

"मंग मायावर कायले ढकललं?"

"दुकानाचं नाव गेलं असतं, आई. तू म्हातारी. तुले कोन काय म्हणते? लोक माफ करून देतात."

"मी सकायी उठून आकडे मोजून राहिली होती. तू खाटेवरून आयकून राहिला होतास."

यावर त्याने मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या. रीताला हे त्याच दिवशी कळले. तिला दोष देऊ नये.

धागा कापला, ती चूक होती. ती मी त्याच दिवशी जेवायच्या आत माफ केली असती. पण आपली आई स्वतःच्याच हातांवर संशय घेत बसली आहे, हे तो अडीच वर्षे रोज पाहत होता आणि त्याला जेवण जात होते. यजमानांनी माझे काम स्वतःच्या नावावर घेतले, मुलाने त्याची चूक माझ्या नावावर टाकली. मला दुसरे जास्त लागले.

कलम सहा. रीताने त्या चौघांसाठी डीसीचे चार अडॅप्टर गुंडाळून पाठवावेत आणि प्रत्येकासोबत कलम पाचची नक्कल द्यावी. इंद्रकुमारचा गेम आतले दोन भाग बदलून आम्ही चालू केला आहे, बाकी तिघांचेही मागवून तसेच करून द्यावेत, पण नक्कल इंद्रकुमारलाही द्यावी. दुकानाची पाटी यजमानांच्या नावाची आहे, ती बदलू नये. यापुढे प्रत्येक अडॅप्टरच्या खोक्यावर गुंडाळणाऱ्या बाईचे नाव मात्र लिहावे.

कलम सात. घर दिले, शेत दिले, यंत्र आणि वही दिली. माफी दिलेली नाही. ती या कागदात कोणी शोधू नये.

माझ्या बोटांना हल्ली मुंग्या येतात, लांब लिहिणे जमत नाही. श्यामलाल वकील म्हणाले, मी लिहून देतो, वारसाने लिहिणे बरे नाही. मी म्हटले, कायद्याचे तुम्ही पाहा. हा कागद वीरेंद्रच लिहील. कलम पाचला त्याने विचारले, "आई, हे गाळू का?" मी म्हटले, "लिही." 'आई म्हातारी झाली, तिला दिसत नाही' हे वाक्य मला त्याला तीनदा सांगावे लागले.

सर्व मजकूर वाचून घेतला, बरोबर आहे, म्हणून खाली माझी सही.

स्थळ : अर्जुनी मोरगाव
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

सही : जमुनाबाई बकाराम कापगते

साक्षीदार, दोघांनी आमच्या डोळ्यांदेखत सही झाली असे सांगून सह्या केल्या :
१. केवलराम मेंढे, निवृत्त एसटी वाहक, शेजारी
२. इंद्रकुमार मडावी, गाईड, नागझिरा

लेखनिक : वीरेंद्र बकाराम कापगते, मुलगा. वरील मजकूर आईने सांगितला तसाच लिहिला, काही गाळले नाही. पुढची ओळ तिने सांगितलेली नाही. ती सकाळी आकडे मोजायची, तेव्हा मी जागा असायचो.