दोरीचं शेवटचं टोक

प्रिय काकू,

आधी चूक दुरुस्त करते, बाकीचं नंतर. मागच्या पत्रात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की नोकरीतलं माझं पहिलंच पाळणाघर तुझं निघालं, मुलं परवान्यात लिहिल्याप्रमाणे बरोबर बारा भरली, आणि ‘सर्व ठीक’ असा शेरा मारताना मला किती आनंद झाला. ते चुकीचं आहे. मुलं बारा नाहीत, वीस आहेत. उरलेली आठ त्या वेळी शिंपीकाकांच्या माडीवर, कापड बेतायच्या टेबलाखाली तोंडावर बोट ठेवून बसली होती. पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढे वाच. हे फोनवर जमलं नसतं. फोनवर तू आधी जेवलीस का विचारतेस, मग मला हसवतेस, आणि मग मी फोन कशासाठी केला होता ते माझं मलाच आठवत नाही.

त्या दिवशी दार उघडलंस तेव्हा तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तपासणीची तारीख आधीच कळवलेली, नवीन तपासणी अधिकारी म्हणजे कोणी खडूस बाई असणार अशी तुझी खात्री, आणि दारात मी, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल, आईने उलटसुलट दोन्हीकडून इस्त्री केलेले कपडे. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मुलांना सांगितलंस की ही पण इथेच रडत मोठी झाली, आणि ती लगेच माझ्याकडे आदराने बघायला लागली, कारण त्यांच्यात जो मोठ्याने रडतो त्याला मान असतो असं दिसतं. मी पाण्याची टाकी पाहिली, औषधांचं कपाट पाहिलं, झोपायच्या खोलीत वारा येतो का पाहिलं. तू मला दूध दिलंस, साय काढून. मला साय चालत नाही हे तू अजून विसरली नाहीस. मध्येच दोनदा तू मागच्या खिडकीकडे बघितलंस. मला वाटलं, मांजर आलं असेल.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. घराला कुलूप लावून मी अर्ध्या जिन्यावरून परत येते, कुलूप ओढून बघते, मग परत जाते आणि कोपऱ्यावर पोचल्यावर गॅस आठवतो. आई म्हणते, तुला सरकारने बरोबर कामाला लावलं, घरी फुकट तपासत होतीस, आता पगारी तपास. तर चार दिवसांनी कपडे वाळत घालताना मला आठवलं की मागच्या दाराची कडी आतून उघडते का हे मी पाहिलंच नव्हतं. त्याच वेळी तू दुधाचा पेला पुढे केला होतास. अहवालात मात्र त्या ओळीपुढे मी खूण करून मोकळी झाले होते. मला काही केल्या चैन पडेना. म्हणून गुरुवारी मी मागच्या गल्लीने आले. तुला त्रास नको, गुपचूप कडी बघून निघून जावं, एवढाच विचार होता.

आणि नेमका त्याच वेळी तुझ्या पुढच्या दारात विजेचं मीटर वाचणारा माणूस काखेत फाइल घेऊन, अगदी तपासणीवाल्यासारखा, उभा राहिला. मला तो नंतर कळला. आधी ऐकू आली ती तू आतून वाजवलेली घंटी, दोनदा. काकू, ती घंटी ऐकून माझे पाय आपोआप जुळले. मी पाच वर्षांची झाले. मागचं दार उघडलं तेही अर्धवटच, कारण आतून गाद्यांची थप्पी टेकलेली. त्या फटीतून एकेक मूल तिरकं होऊन बाहेर आलं. सगळ्यांत पुढे तुझी नवीन मदतनीस मावशी, तिच्या हातात ती चिंध्यांची विणलेली दोरी, आणि दोरीच्या प्रत्येक गाठीला एक मूल. कोणी खोकलंसुद्धा नाही. सगळ्यांत शेवटी एक बारीकशी, दोन दात पडलेली मुलगी होती. तिने मला बघितलं, तोंडावर बोट ठेवलं आणि दोरीचं शेवटचं टोक माझ्या हातात दिलं. गल्लीत एक मोठं मूल उगाच उभं आहे, त्याला सोबत घ्यावं, इतकं तिला ते सरळ वाटलं असणार. मीही ते धरलं. ते टोक माझंच तर होतं. उगाच तू मला शेपूट म्हणायचीस का.

माझ्या वेळी शिंपीकाकांचं दुकान खाली होतं. आम्ही अंगणातून शेजारच्या दारात शिरायचो, झालं. आता खाली मोबाइलचं दुकान आलं आणि काका लोखंडी जिन्याने वर गेले. त्या जिन्याला कठडा नाही. पायऱ्यांच्या मधून खालची गटाराची झाकणं दिसतात. मी सगळ्यांच्या मागून, भिंतीला हात लावत, प्रत्येक पायरी आधी पायाने चाचपत चढले. मुलांना मात्र काही नाही, ती सराईत. वर जाऊन आपापली जागा घेतली, दोन पायांच्या मध्ये दोन मुलं, टेबलाखाली ओळीने. मीही बसले, गुडघे हनुवटीला लावून. आमच्या डोक्यावर इस्त्री तापत होती आणि तिची वायर एका पोराच्या कानाजवळून गेली होती. मावशीला वाटलं, मी ब्लाऊज शिवायला आलेली गिऱ्हाईक असेन. थोडी चमत्कारिक गिऱ्हाईक. शिंपीकाका चष्मा वर करून बघत राहिले आणि मग खाली वाकून हळूच म्हणाले, शेपटे, तू अजून इथे बसतेस होय.

मी त्यांना तेव्हाच विचारलं. माझ्या वेळीही असंच होतं का, आपण दोरी धरून यायचो ते याचसाठी का. काका आधी बटण शिवत बसले. मग म्हणाले, जास्तीची तू एकटीच होतीस ग. तुझं नाव कुठेच नव्हतं, तुझ्या आईची हॉस्पिटलातली कामाची पाळी रोज बदलायची, कोणत्या वेळेचं नाव लिहिणार. पहिल्यांदा कोणी तपासायला आलं तेव्हा काकूने तुला एकटीला माझ्याकडे सोडलं. तू इतकी रडलीस की रस्ता जमला. मग तिने माझ्याकडून चिंध्या मागून नेल्या, दोरी विणली, आणि पुढच्या वेळी नाव असलेली चार पोरं तुझ्याबरोबर पाठवली, खेळ आहे म्हणून.

काकू, मला इतकी वर्षं वाटत होतं की तो जगातला सगळ्यात छान खेळ होता. तो सगळ्यात छान खेळ होताच. तू चार मुलांना विनाकारण लपवलंस, एकीला आपण लपतोय हे कळू नये म्हणून. त्या वेळी माझ्यासारखी काटेकोर कोणी तपासणीला आली असती, तर मी आईच्या कामावर, हॉस्पिटलच्या धुलाईत, ओल्या चादरींच्या ढिगावर बसून मोठी झाले असते. तुझ्या भिंतीवरच्या तक्त्यावरून अक्षरं शिकले, म्हणून आमच्या घरात पहिल्यांदा कोणाला तरी आपलं नाव लिहिता आलं. हे मी विसरलेले नाही. हे बाजूला ठेवून मी पुढचं लिहीत नाहीये.

उतरताना ती दात पडलेली पोरगी बसून बसून उतरत होती, एकेक पायरी. मावशी सगळ्यांत पुढे. एरवी शेपटीच्या मागे कोणीच नसतं, त्या दिवशी मी होते एवढंच. मध्यावर तिचा एक बूट निसटला आणि पायऱ्यांमधून खाली गल्लीत पडला. पडायला बराच वेळ लागला. मुलं खुदखुदली, तिला तर फारच गंमत वाटली, दुसराही टाकून बघू का असं तिने मला खुणेने विचारलं. मी तिला कडेवर घेतलं आणि खाली आल्यावर बूट शोधून तिच्या पायात घातला. दाराच्या फटीतून ती सगळी आत गेली. मी जाऊन पाहिलं, मी मावत नव्हते. तूही मावणार नाहीस, काकू. आत आग लागली तर त्या दारातून एकही मोठं माणूस बाहेर पडणार नाही. कडी मात्र आतून छान उघडते.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात आमच्या मोठ्या बाईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, माझा अहवाल चुकला आहे, बारा नव्हे वीस. त्यांनी विचारलं, कोणाची तक्रार आली का. म्हटलं, नाही. मग तुला कोणी विचारलंय का. म्हटलं, नाही, पण बूट पडला. त्यांनी मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. तू माझी कोण आहेस तेही मी त्यांना सांगितलं, म्हणजे ही फाइल माझ्याकडे ठेवायची की नाही ते त्यांनी ठरवावं. त्यांनी ती स्वतःकडे घेतली. मग त्या स्वतः येऊन जिना पाहून गेल्या, गल्लीतूनच. मुलं जास्त असली तर नोटीस निघते, सुधारायला मुदत मिळते. मुलं तपासणीपासून लपवली, तीही अशा जागेत, तर मुदत मिळत नाही. त्यांनी मला नियम वाचायला दिला. मी तो कुठून तरी वाकतो का बघत पुन्हा पुन्हा वाचला. तो वाकत नाही.

घरी आईला सांगितलं तेव्हा ती चादरीची घडी घालत होती. तिने घडी मोडली, परत घातली. मला वाटलं आता खेटर पडतंय. ती म्हणाली, मी कामावरून यायचे तेव्हा तू तिच्या मांडीवर झोपलेली असायचीस. मग थोड्या वेळाने म्हणाली, पण ते जिन्याचं बरोबर नाही. आणि मग, जे करायचं ते कर, पण तिला आधी सांग, माणसाला दारात उभं करून असलं सांगू नये. मी बाईंना विचारलं, आधी कळवलं तर चालेल का. त्या म्हणाल्या, आदेशावर सही झाली आहे, आता कळव, फक्त पोरांना पुन्हा टेबलाखाली घालायला सांगू नकोस.

आता चांगली बातमी, आणि ती खरोखर चांगली आहे. मोबाइलवाला दुकान सोडतोय. शिंपीकाका म्हणतात, ती खालची खोली काकूने घ्यावी, मधली भिंत पाडली तर दोन्ही जागा एक होतात आणि तिचं दार थेट अंगणात उघडतं, आणि माझे गुडघे या जिन्याने गेलेच आहेत, मला पण कोपऱ्यात मशिनपुरती जागा द्या. मी त्यांच्याच टेपने खोली मोजली. दोनदा, माप दोन्ही वेळा सारखं आलं. तुझ्या जागेत ती मिळवली तर वीस मुलांचा परवाना मागता येतो, आणखी एक मदतनीस ठेवली की झालं. परवाना रद्द झाला म्हणून पुन्हा अर्ज करायला बंदी नाही, हेही मी वाचून घेतलं आहे. तोवर मंडईजवळच्या मोठ्या पाळणाघरात एक सोडून सगळ्यांची सोय होते. राहिली ती दात पडलेली. तिची आई धुलाईत आहे आणि पाळी रोज बदलते, तिथे तिला घेत नाहीत. माझी आई म्हणाली, ती माझ्याकडे, मी आता रिटायर आहे, मला काय काम आहे. ओळखीचं एकच मूल घरी सांभाळायला परवाना लागत नाही. मी खात्री करून घेतली. आई म्हणाली, बघ हो, नाहीतर माझाही रद्द करशील.

तर काकू, हे पत्र यासाठी. आदेश पोचवायला शिपाई येणार होता, मी बाईंकडून ते काम मागून घेतलं. तुझा परवाना रद्द झाल्याचा कागद माझ्याच हातून तुझ्या हातात येईल. तू रागावलीस तर रागाव, दार लावून घेतलंस तर मी पायरीवर बसून राहीन, मला तिथे बसायची सवय आहे. पण त्या दिवशी घंटी वाजवू नकोस. मुलं आली की सगळ्यांना पुढच्या खोलीत बसव, शेपटीसकट. दोरी जपून ठेव, नवीन जागेत आपण तिने मुलांना अंगणात फिरायला नेऊ, पुढच्या दाराने, आणि मागे कोणीतरी मोठं असेल. आई पण येते आहे, गाद्यांची थप्पी तिथून हलवायची म्हणून ती सकाळपासून बाह्या सरसावून बसली आहे, अजून चार दिवस आहेत हे सांगूनही. मुलं यायच्या आधी, पुढच्या दाराने, मी येते, सोळा तारखेला, बुधवारी.

तुझीच,
शेपूट