फॅन पामला कोंब आल्यावर केलेले मृत्युपत्र

लिहून ठेवणार, गोपिकाबाई राधाकिसन उगले, वय ७२, राहणार परतूर, जि. जालना. गुडघे सोडले तर माझे सर्व ठीक आहे, डोके तर पूर्ण ठिकाणावर आहे, आणि हे मी कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मागच्या हिवाळ्यात रागाच्या भरात केलेले मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे.

१. त्यात राहते घर मी पुतण्या हरिओमच्या नावे केले होते. कारण अंगणातला फॅन पाम. आमच्या ह्यांनी ते रोप बदनापूरहून कुंडीत आणले. इथली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून खड्ड्यात मुरूम घालून लावले. हे गेल्यावर मी त्या झाडाशीच बोलत असे.

नात साक्षीच्या लग्नात, मांडवाच्या दिवशी, मुलगा परमेश्वर शिडी लावून चढला आणि कोयत्याने सगळी हिरवी पाने उतरवली. वर मलाच म्हणतो, "माय, लेकीला आजीच्या झाडाचा मांडव पायजे. निंब छाटला की फुटतोच की, मंग हे काऊन न्हाई फुटायचं?" पामला एकच शेंडा असतो, तो गेला की झाड गेले; पानांबरोबर तोही कापला असे मी धरून चालले. पाहुण्यांसमोर मी त्याला नाही नाही ते बोलले आणि अबोला धरला.

२. परवा सून शालू ओरडत आली, "आत्याबाई, जल्दी या, कोंब आलाय!" शेंडा वाचला होता. देठांच्या काट्यांनी परमेश्वरचे हात फाडले, म्हणून तो तिथवर पोचलाच नव्हता. मी ओट्यावर बसून रडले. झाड जगले याचा आनंद आहेच; मुलावर राग धरून मरायचे नाही, याचा जास्त आहे.

३. सबब घर, अंगण व पाम परमेश्वर आणि शालू यांना समान मिळावे. फक्त वाळलेली पाने कापावीत. पाणी बुंध्याला घालावे, शेंड्यात नाही. बँकेतील ठेव साक्षीला. कोयता हरिओमने घेऊन जावा. घराचे त्याला कधी सांगितलेच नव्हते, त्यामुळे त्याचे काही गेले नाही.

४. जाऊबाई कौसल्या आजवर म्हणत आली, "दारात ताड बराबर न्हाई." ज्याला काही मिळते तो साक्षीदार नसावा म्हणतात; तिला काहीही देत नाही, म्हणूनच साक्षीदार केले आहे.

५. मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. मी तेवढे थांबणार नाही. सही झाली की चष्मा सापडत नाही असे सांगून हे परमेश्वरलाच मोठ्याने वाचायला लावणार आहे. तेवढ्यासाठी तरी मला त्याला हाक मारावी लागेल.

सही: गोपिकाबाई राधाकिसन उगले
साक्षीदार: १. अप्पाराव गाढे, शेजारी २. कौसल्या उगले
परतूर, दि. १२ ऑगस्ट २०२५