चारशेत एकदा

सोमवार, ३ मार्च

लाल! आमच्या प्रोग्रॅमच्या एकशे बारा चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, आणि एक लाल. तीही कशी — रुग्ण क्रमांक २२१७ची माहिती मागितली, आली २२१८ची.

परत चालवली. हिरवी. परत. हिरवी. मला भास झाला म्हणावं, तर लॉगमध्ये, यंत्राच्या नोंदवहीत, ओळ आहे. भास लॉगमध्ये उमटत नाहीत.

मंगळवार, ४ मार्च

पंडितला सांगितलं. कोड त्याचाच. नऊ वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो, येईल त्याला शिकवत असतो, म्हणून पंडित. स्क्रीनकडे न बघताच म्हणाला, "अगं, तुझा तो पोटातला सर्व्हर! खऱ्यावर असं होत नाही."

पोटातला सर्व्हर म्हणजे आमचा एम्बेडेड कंटेनर. चाचणी सुरू झाली की तिच्या आतच खऱ्या सर्व्हरचं छोटं रूप उभं राहतं, आमची सेवा त्यावर चढते. प्रश्न विचारायचे, उत्तरं ताडायची, सगळं बंद. मिनिटाभराचा संसार. तो खोटा आहे हे मलाही कळतं. पण त्यावर चढवलेला कोड तर खराच ना?

आणि विचारणार कोण, तर रुग्णालयातला वॉर्ड. या माणसाला कुठलं औषध चालत नाही? आपण सांगायचं. तेवढंच काम. तेवढंच!

गुरुवार, ६ मार्च

चारशे वेळा चालवली. तीनशे नव्व्याण्णव हिरव्या, एक लाल. या वेळी उत्तर आलं — "काही वर्ज्य नाही." त्या क्रमांकाच्या नावापुढे मीच 'पेनिसिलीन वर्ज्य' भरलं होतं.

साहेबांकडे गेले. "मॅडम, चारशेत एक? माझी गाडी दहात एकदा सुरू होत नाही, तरी मी रोज ऑफिसला येतोच की!" सगळे हसले. मीही हसले. का हसले मी?

शनिवार, ८ मार्च

नवरा भाजी निवडत होता. त्याला सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, सर्व्हर-बिर्व्हर त्याला कळत नाही, पण ऐकून घेतो. म्हणाला, "चारशे फेऱ्यांत एकदा लिफ्ट भलत्याच मजल्यावर उघडली, तर मी ती बंद करून किल्ली खिशात घालीन. मग कुणी का बोंबलेना."

"माझ्याकडे किल्ली नाही रे."

"सही तर तुझीच लागते ना?"

चिडले त्याच्यावर. उगाच. खरं बोलला म्हणून.

सोमवार, १० मार्च

दिवसभर स्वतःचीच चूक शोधली. आधीच्या चाचणीचा सर्व्हर नीट बंद होत नसेल, दोन एकाच पोर्टवर, एकाच दारावर, भांडत असतील — असं काहीतरी निघावं म्हणून अक्षरशः देवाला विनवत होते. आपली चूक निघावी म्हणून! निघाली नाही.

एवढं मात्र दिसलं : दोन प्रश्न अगदी एकाच क्षणी आले, तरच उत्तरांची अदलाबदल होते. वॉर्डात तर चाळीस परिचारिका एकाच वेळी विचारणार.

गुरुवार, १३ मार्च

बैठक. साहेब : "एका चाचणीपायी अख्खं काम अडलंय." मी म्हटलं, चाचणीपायी नाही, चुकीपायी. "खऱ्या सर्व्हरवर दाखवा." खरा सर्व्हर मागितला, तर सोमवारपर्यंत रिकामा नाही. आणि सोमवारी सेवा सुरू!

पंडितकडे बघितलं. तो पेनाचं टोपण चावत होता. तो नुसतं "थांबूया" म्हणाला असता, तरी साहेबांनी ऐकलं असतं.

शुक्रवार, १४ मार्च

साहेब माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "ती एक वगळा. नंतर बघू. मी आहे ना."

चाचणीच्या डोक्यावर एक शब्द लिहायचा असतो, की यंत्र तिला ओलांडून जातं. लिहिला. एकशे बारा चालल्या, एकशे बारा हिरव्या. खाली सही केली. नेहमीसारखीच झाली सही, शेवटच्या अक्षराच्या शेपटासकट.

सोमवार, १७ मार्च

सेवा सुरू झाली. टाळ्या. डबा तसाच घरी आणला.

मंगळवार, १८ मार्च

काही नाही. फोन वाजला की आधी नंबर बघते. दात दुखतोय सांगून लवकर घरी आले आणि भिंतीकडे बघत बसले.

बुधवार, १९ मार्च

आज रुग्णालयात गेले. कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या मजल्यावर मुख्य परिचारिकेचं टेबल आहे, समोर बाक. बसले. जाडजूड बाई, चष्मा दोरीला लटकवलेला, एकीला रागावत होती, हाताने दुसरीचा कागद तपासत होती. तिच्या टेबलावर आमचीच स्क्रीन उघडी! ती क्रमांक टाइप करायची, उत्तर वाचायची, मान हलवायची. किती विश्वासाने मान हलवायची!

चाळीस मिनिटं बसले. वाक्य तयार होतं — "बाई, याच्यावर विसंबू नका." सहा वेळा मनात म्हटलं. शेवटी तिनेच विचारलं, "कुणाला भेटायचंय हो?"

"कुणाला नाही. मजला चुकला."

"मग लिफ्टने जा, जिना ओला आहे."

जिन्यानेच उतरले. भित्री. भित्री. भित्री.

शनिवार, २२ मार्च

ऑफिसात कुणी नाही. आमच्याकडचा खरा सर्व्हर (रुग्णालयातला वेगळा) रिकामा. सेवा चढवली, एकदम शंभर प्रश्न सोडले. तीन उत्तरं चुकीच्या माणसांची. परत सोडले. चार.

कोड उघडून बसले. दुपारपर्यंत सापडलं. रुग्णाचा क्रमांक ठेवायला सगळ्यांत मिळून एकच जागा. एकीचा ठेवला, तो वाचून होण्याआधी दुसरीने आपला ठेवला. बस. दोन ओळींची दुरुस्ती.

सोमवार, २४ मार्च

कागद पंडितपुढे ठेवले. त्याने सगळी पानं उलटली. मग हळूच म्हणाला, "मला जानेवारीतच दिसलं होतं."

मला आधी कळेचना. "काय दिसलं होतं?"

"हेच. वाटलं, नंतर गुपचूप बदलू. मग तुझी चाचणी लाल झाली. तेव्हा कबूल केलं असतं तर… दोन महिने गप्प का बसलास, असं विचारलं असतं सगळ्यांनी."

नऊ वर्षं! माझ्या लेकीच्या बारशाला हा माणूस सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडत होता. त्याला ओरडणार होते. पण काय तोंडाने? सही त्याची नव्हती.

मंगळवार, २५ मार्च

साहेब म्हणाले, "दुरुस्ती गुपचूप चढवू. लेखी काही नको." मी लेखी दिलं. एक प्रत त्यांना, एक रुग्णालयाला, मुख्य परिचारिकेच्या नावाने. वगळलेल्या चाचणीसकट सगळं, सहीसकट सगळं. दार लावून घेऊन साहेब जे बोलले ते इथे लिहीत नाही. चारला टेबल आवरायला सांगितलं. पंडित पाणी प्यायला उठला, तो मी जाईपर्यंत परत आला नाही.

नवऱ्याने पिशवी हातातून घेतली. "झालं?" "झालं." "बरं केलंस." इतक्या दिवसांनी पोटभर जेवले.

शुक्रवार, २८ मार्च

घरात दिवस फार लांब असतो. कुणाचा फोन नाही. तरी एक बरं वाटतं — उशिरा का होईना, बोलले. माझ्या हातून कुणाचं काही व्हायच्या आत बोलले.

बुधवार, २ एप्रिल

मुख्य परिचारिकेचा फोन. आवाज ओळखला. तिने नाही ओळखला. आभार मानायला केला होता. पत्र मिळाल्याबरोबर सेवा बंद केली, सगळे कागद हाताने ताडले, अकरा चुका निघाल्या, अकरा माणसं वाचली. "तुमचे उपकार आहेत बाई." मग म्हणाली, "एकच वाचायची राहिली हो. शिक्षिका होती. पेनिसिलीन दिलं गेलं. ती आधीच गेली, एकोणीस तारखेला संध्याकाळी. पण तेव्हा तुम्हाला तरी कुठे खात्री होती, बावीसला सापडलं ना!"

मी "हो" म्हटलं.